मातीतली तगर नगरी

मुलांनो, सहलीला कोठे जावयाचे, असा प्रश्न वर्गात निघाला, की सर्वांची बोटे नकाशावरील दूरच्या ठिकाणांकडे वळतात. कोणी वेरूळचे नाव घेतो, कोणी रायगडाचे. कोणाला मुंबईचे मोठे वस्तुसंग्रहालय पाहावयाचे असते. ही सारी स्थळे पाहण्यासारखी आहेत, यात शंका नाही. परंतु जे दूर आहे तेच पाहण्यासारखे आणि जे जवळ आहे त्यात काय पाहावयाचे, अशी जी समजूत आपल्या मनात नकळत रुजलेली असते, ती मात्र खरी नव्हे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही.

बालाघाटाच्या पठारावरील भूम हे माझे गाव. तेथील शाळेत मी बरीच वर्षे मुलांना मराठी शिकविले. भूमच्या आसपास पाहावयास थोडे नाही. तालुक्यातच कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. नैर्ऋत्येस परंड्याचा भुईकोट किल्ला आहे. त्याचा खोल खंदक, दुहेरी तट आणि बुरुजांवरील तोफा पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ याच परंड्यास होती. विजापूरच्या बुरुजावर आज जी ‘मलिक-ए-मैदान’ नावाची प्रचंड तोफ दिसते, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्यास आली आणि १६३२ मध्ये तेथून विजापुरास नेली गेली. परंड्यास गेलेला प्रवासी आता तिची केवळ कथाच ऐकतो.

परंतु आज मी तुम्हांला आपल्या जिल्ह्यातील याहूनही जुन्या, आणि प्रथमदर्शनी याहूनही साध्या दिसणाऱ्या गावी नेणार आहे. त्या गावाचे नाव तेर. धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या काठी ते वसले आहे.

एके वर्षी हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल तेरला गेली. पहाटेच्या एस.टी.ने आम्ही भूमहून निघालो, धाराशिवास गाडी बदलली आणि ऊन तापावयाच्या आत तेरला पोहोचलो. उतरल्याबरोबर मुलांनी चोहोकडे नजर फिरविली. नेहमीची घरे, नेहमीची दुकाने, नदीचे उथळ पात्र आणि गावाच्या कडेने उभी असलेली मातीची पांढुरकी टेकाडे. किल्ला नाही, राजवाडा नाही, लेणे नाही. एका विद्यार्थ्याने तोंड वाईट करून विचारले, “गुरुजी, येथे पाहण्यासारखे काय आहे? नुसती मातीच दिसते!”

मी म्हणालो, “अरे, तीच तर पाहावयाची आहे!”

त्याला माझे बोलणे थट्टेचे वाटले असावे. पण ते खरे होते. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानतात. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जमीन. ज्या ठिकाणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेथे चुलीतली राख साचते, मातीच्या भिंती पडतात व त्यांवर नव्या भिंती उठतात, फुटकी मडकी आणि मोडकी भांडी फेकली जातात. अशा रीतीने थरावर थर चढत जातो आणि शेकडो वर्षांनी त्या जागेचे टेकाड बनते. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, सर्वांत वरचा सर्वांत नवा. म्हणून जुन्या गावाची पांढरी ही एखाद्या पोथीसारखी असते. तिची पाने मातीची असतात आणि अक्षरे खापरांची. तेरची टेकाडे ही अशीच सुमारे दोन हजार वर्षांची पोथी आहे.

ही पोथी कोणत्या नगरीची? तिचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचे एक माहितीपुस्तक लिहिले. त्या पुस्तकाचे नाव ‘पेरिप्लस’. लेखकाचे नाव त्यावर नाही. परंतु कोणत्या बंदरात काय विकते आणि काय विकत मिळते, हे त्याने बारकाईने नोंदविले आहे. तो लिहितो, की बारिगाझा बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. या दोन्ही नगरांहून मोठ्या अवघड मार्गाने गाड्यांतून माल बंदरावर येतो. तगराहून पुष्कळसे साधे कापड आणि तलम मलमल येते. बारिगाझा म्हणजे भरुकच्छ, आजचे गुजरातेतील भरूच. दुसऱ्या शतकातील टॉलेमी या भूगोलवेत्त्यानेही तगराचा उल्लेख केला आहे.

पुढे कालचक्र फिरले आणि तगर कोठे होते हेच लोक विसरले. कोकणात आणि कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी, असे मोठ्या अभिमानाने म्हणवीत. एवढे नाव गाजविणारी ही नगरी होती तरी कोठे? विद्वानांनी पुष्कळ तर्क केले. कोणी जुन्नरकडे बोट दाखविले, कोणी देवगिरीकडे, तर कोणी धारूरकडे. अखेर १९०१ मध्ये शिलालेखांचे प्रसिद्ध अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेर म्हणजेच तगर, असे साधार प्रतिपादन केले आणि ते मत पुढे मान्य झाले.

हा शोध कसा पटतो, ते पाहू. त्यासाठी थोडे गणित आणि थोडे व्याकरण पुरे आहे. नकाशावर सरळ रेषेने मोजले, तर भरूचपासून पैठण सुमारे ३५० किलोमीटर आहे. ही वाट वीस दिवसांची, म्हणजे गाड्या दररोज सुमारे १७ किलोमीटर चालत. पैठणपासून तेर सुमारे १५० किलोमीटर आहे. ही वाट दहा दिवसांची, म्हणजे दररोज १५ किलोमीटर. लादलेल्या बैलगाडीची चाल तुम्हांला ठाऊक आहेच. दोन्ही हिशेब एकमेकांशी किती जुळतात पाहा! दिशा मात्र नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे. पण परदेशी व्यापाऱ्याने ऐकीव माहितीवरून लिहिताना एवढा फरक पडणे स्वाभाविक आहे.

आता व्याकरणाकडे वळू. संस्कृत शब्द लोकांच्या तोंडी शतकानुशतके घोळले, की त्यांच्या मधली कठीण व्यंजने झिजून जातात. ‘नगर’ या शब्दातील ‘ग’ झिजून ‘नयर’ झाले आणि ‘नयर’चे ‘नेर’ झाले. संगमनेर, पारनेर, अंमळनेर या गावांच्या नावांत ते ‘नेर’ आजही आहे. त्याच नियमाने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’ झाले. नदीतला गोटा जसा वाहता वाहता गुळगुळीत होतो, तसेच शब्दांचेही होते. म्हणजे जमिनीत खणण्यापूर्वीच आपल्या भाषेने तगराची खूण जपून ठेवली होती. आपण रोज उच्चारतो त्या गावाच्या नावातही इतिहास असतो, तो असा.

तेरला पोहोचल्यावर आम्ही प्रथम त्रिविक्रमाचे मंदिर पाहिले. हे मंदिर विटांचे आहे. त्याची मागची बाजू चौकोनी नसून अर्धवर्तुळाकार आहे आणि छप्पर बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखे गोलसर लांबट आहे. अशा रचनेस गजपृष्ठाकार म्हणतात. ज्यांनी कार्ल्याचे लेणे पाहिले असेल, त्यांना तेथील चैत्यगृहाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. कार्ल्यास हा आकार डोंगर पोखरून आतून घडविला आहे. येथे तोच आकार विटेवर वीट रचून बाहेरूनही उभा केला आहे. डोंगरातील लेणी टिकली, परंतु मोकळ्या जागेत बांधलेल्या अशा जुन्या वास्तू भारतात फारच थोड्या उरल्या आहेत. ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. तिच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. पुढे तेथे विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची स्थापना झाली आणि समोर मंडप उभारला गेला. वास्तू एकच, परंतु भक्तांच्या किती पिढ्या तिच्या छायेत येऊन गेल्या असतील!

तेरचे उत्तरेश्वर मंदिरही असेच जुने व विटांचे असून त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. लाकूड ऊन, पाऊस आणि वाळवी यांपुढे लवकर हरते. म्हणून इतके जुने लाकडी कोरीवकाम क्वचितच पाहावयास मिळते.

येथील विटांची एक गोष्ट ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली. तेरच्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. वीट आणि तरंगते! परंतु यात जादू नाही. विटेच्या मातीत भाताचे तूस कालविले आणि मग ती भाजली, तर तूस जळून जाते व त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यांत हवा असते, म्हणून वीट आकाराने मोठी असूनही वजनाने हलकी होते. अशा विटांनी छप्पर रचले, की खालच्या भिंतींवर भार कमी पडतो. लेखणी न धरणाऱ्या त्या विटकऱ्यांनी आपले शास्त्र असे विटेतच लिहून ठेवले आहे.

यानंतर आम्ही पुराणवस्तुसंग्रहालयात गेलो. या संग्रहालयास रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव दिले आहे आणि ते का दिले आहे, हे जाणून घेतल्याखेरीज आतील वस्तू पाहू नयेत. लामतुरे हे तेरचे व्यापारी होते. दर पावसाळ्यात पाण्याच्या लोटांनी टेकाडांवरची माती वाहून जाई आणि जुन्या वस्तू उघड्या पडत. शेतात नांगराच्या फाळाला काही लागे, पाया खणताना काही निघे. गावकऱ्यांना त्याचे विशेष वाटत नसे. पोरे त्या वस्तूंशी खेळत आणि खेळून झाले की फेकून देत. लामतुरे यांनी मात्र या वस्तूंचे मोल ओळखले. फुटकी बाहुली, कानातले, नाणे, मणी, जे जे हाती येई ते त्यांनी वर्षानुवर्षे जमविले. धान्याचे आणि किराण्याचे मोल सगळेच व्यापारी जाणतात. परंतु ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, त्याचे मोल जाणणारा व्यापारी विरळा. त्यांच्या संग्रहाची कीर्ती हळूहळू पसरली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी तेरवर लिहिलेले पुस्तक १९६० मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. आज तेथे २०,००० हून अधिक वस्तू आहेत.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयही असेच एका माणसाच्या ध्यासातून उभे राहिले आहे. संग्रहालय उभारण्यास राजाच असावे लागते असे नाही. डोळस माणूस असला तरी पुरे.

संग्रहालयात पाऊल टाकताच मुले कपाटामागून कपाट पाहत भराभर पुढे चालू लागली. वीस मिनिटांत सारे पाहून झाले! मी सर्वांना पुन्हा दाराशी बोलावले आणि म्हणालो, “आता प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी आणि तिला पाच प्रश्न विचारावेत. तू कशाची आहेस? तुला कोणी व कसे घडविले? तुझा उपयोग काय होता? तू कोठून आलीस? आणि तू मोडलीस कशी?”

मग मात्र चित्र पालटले. जी मुले धावत होती, ती कपाटांच्या काचांना नाके लावून उभी राहिली.

एका मुलीने मातीची एक स्त्रीमूर्ती निवडली होती. ती पांढऱ्या चिकणमातीची होती. डोक्यावरील केशरचना आणि अंगावरील दागिने नखाएवढ्या जागेत रेखले होते. मूर्तीच्या कडेने एक बारीक सांधा दिसत होता. तो कशाचा? त्या काळचे कारागीर मूर्तीचा पुढचा अर्धा भाग एका साच्यात आणि मागचा अर्धा भाग दुसऱ्या साच्यात दाबून काढीत व मग दोन्ही भाग जोडीत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व हलकी राही आणि भाजताना तडकत नसे. सातवाहन काळातील कुंभारांची ही खास कला होती.

दुसऱ्याने खडबडीत भाजलेल्या मातीचा एक तुकडा निवडला. त्याला तो ओळखता येईना. शेजारची मुलगी हसून म्हणाली, “अरे, ही तर वज्री! आमची आजी हिनेच टाचा घासते.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगरातील बाई आणि भूमची आजी यांच्यामधले अंतर त्या क्षणी किती कमी झाले! शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, रंगीबेरंगी दगडांचे मणी, हस्तिदंती फण्या, खेळावयाचे फासे, धान्य दळावयाची जाती, सातवाहन राजांची नाणी, या सर्वांतून तेथील माणसांचा दिवस कसा उगवत आणि मावळत असेल, याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

तिसऱ्याच्या हाती एक कोडेच लागले. नाण्यासारखी वाटोळी, पण मातीची चकती. तिच्यावर परक्या वळणाचे एक मुख. आणि दोरा ओवण्यासाठी सोय. मातीचे नाणे कसे चालेल? खरोखर ते नाणे नव्हतेच. रोमन व्यापाऱ्यांबरोबर त्यांच्या सम्राटांचे मुख छापलेली नाणी या देशात आली. ती लोकांना इतकी आवडली, की येथील कारागिरांनी त्यांच्या मातीच्या नकला करून पदके बनविली. ज्याला सोन्याचे नाणे गळ्यात घालणे परवडत नसे, तो मातीचे घालून हौस भागवीत असावा.

परंतु या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे एक चिमुकली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची कथा ऐकण्यासाठी क्षणभर इटलीस जावे लागेल. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पाँपेई नावाचे नांदते नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घराच्या उत्खननात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिचे दागिने, तिची केशरचना, तिची उभे राहण्याची ढब, सारे भारतीय! ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती आरशाची मूठ असावी किंवा लहानशा चौरंगाचा पाय असावा, असे तर्क केले गेले आहेत. ही मूर्ती भारतात कोठे घडली असेल, याचा शोध घेताना अभ्यासकांना तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती महाराष्ट्रात आढळल्या: एक तेरला आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनला. पाँपेईची मूर्ती नेमकी येथेच घडली, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु या सगळ्या मूर्ती एकाच कलापरंपरेतील आहेत, एवढे निश्चित. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात ग्रीकांचा समुद्रदेव पोसिडॉन याची छोटी मूर्ती सापडली होती. तेरणेच्या आणि पंचगंगेच्या काठची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी साता समुद्रांपलीकडच्या जगाशी देवघेव करीत होती, याचे हे बोलके पुरावे आहेत.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आनंद होत नाही. पण ती सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही.

संग्रहालयातून बाहेर पडून आम्ही एका टेकाडाच्या पायथ्याशी फराळास बसलो होतो. सकाळी ज्याने “नुसती मातीच दिसते” असे म्हटले होते, तो विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि त्याने हळूच मूठ उघडली. तळहातावर शंखाच्या बांगडीचा एक तुकडा होता. टेकाडाच्या उतारावर तो त्याला दिसला होता. “गुरुजी, मी घरी नेऊ का? एवढासा तर आहे,” तो म्हणाला.

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता. मी सर्व मुलांना जवळ बसविले आणि माझी स्वतःची चूक त्यांना सांगितली.

मी नुकताच शिक्षक झालो होतो, तेव्हाची ती गोष्ट. सुट्टीत पायी हिंडताना एका जुन्या पांढरीवर मला मातीच्या मूर्तीचे एक मस्तक सापडले. ते मला फार आवडले. मी ते खिशात घातले, घरी आणले आणि पुढे कितीतरी वर्षे टेबलावर कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवीत असे. परीक्षेच्या किती उत्तरपत्रिका त्याने दाबून धरल्या असतील! एकदा पुराणवस्तूंचे जाणकार असलेले एक गृहस्थ घरी आले. त्यांनी ते मस्तक हाती घेतले, उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिले आणि मला तीन प्रश्न विचारले: कोणत्या गावी सापडले? वरच्या मातीत की खालच्या थरात? त्याच्याबरोबर आणखी काय होते? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या सुट्टीत मी दोन-तीन गावे हिंडलो होतो. त्यांतले गाव कोणते, हेसुद्धा मला आठवेना. त्यांनी ते मस्तक हलकेच टेबलावर ठेवले आणि म्हटले, “सुंदर आहे, पण आता हे मुके आहे.”

ते शब्द मला आजही विसरता येत नाहीत. ज्या मातीत ते मस्तक शेकडो वर्षे पडून होते, ती माती त्याची साक्षीदार होती. मी त्याला उचलले आणि साक्षीदाराला मागेच सोडून आलो. पोथीतले एक सुंदर अक्षर मी खरवडून खिशात घातले. पण त्यामुळे पोथीतला शब्द गेला आणि माझ्याजवळचे अक्षरही निरर्थक झाले.

एका मुलीने लगेच विचारले, “मग गुरुजी, लामतुऱ्यांनीही वस्तू उचलल्याच ना?” प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर असे. लामतुऱ्यांनी ज्या वस्तू जमविल्या त्या पावसाने वाहून चाललेल्या, नांगराखाली चुरडल्या जाणाऱ्या होत्या. त्यांचा थर कळण्याचा मार्ग बहुधा आधीच बंद झालेला होता. त्यांनी त्या नष्ट होण्यापासून वाचविल्या, तेरच्या वस्तू तेरमध्येच एकत्र राखल्या आणि जाणत्यांस मोकळेपणाने दाखविल्या. मी मात्र माझी वस्तू लपवून ठेवली आणि तिचे गावही हरवून बसलो. संग्राहकाने वाचविलेल्या वस्तूंचा काळ ठरविण्यासाठी पुढे शास्त्रशुद्ध उत्खनन व्हावे लागले. १९५८ पासून तेरमध्ये ते अनेक वेळा झाले. उत्खनन करणारे चौकोनी खड्डे आखतात, थर एकामागून एक हलक्या हाताने काढतात, माती चाळतात आणि प्रत्येक वस्तू कोणत्या खोलीवर मिळाली हे लिहून ठेवतात. त्यांना मिळालेल्या जळक्या धान्याच्या दाण्यांवरूनसुद्धा त्या काळचे लोक काय खात, हे समजले. मूठभर काळे दाणे! माझ्यासारख्याने ते झटकून टाकले असते.

म्हणून मुलांनो, कोणतेही ऐतिहासिक स्थळ पाहावयास जाल, तेव्हा काही गोष्टी मनात ठेवा. जाण्यापूर्वी त्या स्थळाविषयी थोडे वाचा. काय पाहावयाचे हे ठाऊक असले, की दिसू लागते. भिंतींवर आपली नावे कोरू नका. ज्याने ती वास्तू बांधली, त्या कारागिराने स्वतःचे नाव कोठेही कोरलेले नसते. मूर्तींना व नक्षीला हात लावू नका. हातांचा घाम आणि तेल यांनी दगडसुद्धा झिजतो. संग्रहालयात वस्तूखालची पाटी वाचा, आणि मग पाटी विसरून वस्तूकडे पाहा. आवडलेल्या वस्तूचे चित्र वहीत काढा. चित्र काढताना डोळा जितका पाहतो, तितका एरवी पाहत नाही.

शेतात किंवा पाया खणताना एखादी जुनी वस्तू सापडली, तर ती आहे तेथेच राहू द्या आणि वडीलधाऱ्यांस, शिक्षकांस किंवा तलाठ्यास सांगा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस दिली पाहिजे, असा कायदा १८७८ पासून आहे. आणि १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूंच्या व्यापारावर निर्बंध घातले आहेत. परंतु कायद्याच्या भीतीने नव्हे, तर ती वस्तू मुकी होऊ नये म्हणून तुम्ही हे करावे, असे मला वाटते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने काय केले, ते सांगावयाचे राहिलेच. तो काही न बोलता उठला आणि पुन्हा संग्रहालयात गेला. बांगडीचा तुकडा कोणत्या टेकाडाच्या कोणत्या बाजूस सापडला, हे त्याने तेथील कर्मचाऱ्यांना नीट सांगितले आणि तुकडा त्यांच्या स्वाधीन केला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हते. चेहऱ्यावर मात्र काहीतरी मिळाल्याचे समाधान होते.

सायंकाळी निघण्यापूर्वी आम्ही नदीकाठी संत गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले. गोरा कुंभार हे याच तेरचे. त्यांच्याविषयीची एक कथा तुम्ही ऐकली असेल. एकदा संतमेळा जमला असता मुक्ताबाईने त्यांना विचारले, की या मडक्यांपैकी पक्के कोणते आणि कच्चे कोणते? गोरोबांनी आपले थापटणे घेतले आणि एकेका संताच्या मस्तकावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले; नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबा म्हणाले, हे मडके अजून कच्चे आहे. नामदेवांनी पुढे गुरू केला व तेही पक्के झाले.

त्या समाधीसमोर उभा असताना माझ्या मनात आले, की या गावाचे आणि मातीचे नाते किती जुने आहे! येथल्या मातीच्या विटा झाल्या, मूर्ती झाल्या, मडकी झाली. गोरोबांच्या आधी हजार वर्षे येथील कुंभार साच्यात माती दाबून मूर्ती घडवीत होते. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या बोटांच्या खुणा त्या मातीत आहेत.

मुलांनो, तुमच्या गावालाही पांढरी असेल. एखादे पडके देऊळ, एखादी बारव, एखादा न वाचलेला शिलालेख, एखादा वीरगळ असेल. त्याजवळून तुम्ही रोज शाळेत जात असाल. उद्या जाताना क्षणभर थांबा. त्यास पाच प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. ज्या दिवशी “येथे पाहण्यासारखे काय आहे?” हा प्रश्न तक्रार म्हणून न विचारता खऱ्या जिज्ञासेने विचाराल, त्या दिवशी तुमचे मडके पक्के झाले, असे समजावे.